देवरिया ताल आणि चोपता: केदारनाथहून परतताना एका दिवसात होईल का?

प्रश्न असा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात केदारनाथचं दर्शन करून गुप्तकाशीला उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी देवरिया ताल, दुपारी चोपता आणि तिथून चढून तुंगनाथचं मंदिर, रात्री रुद्रप्रयाग. सोबत सदुसष्ट वर्षांचे वडील, त्रेसष्ट वर्षांची आई आणि नऊ वर्षांची मुलगी. हे जमेल का, आणि तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब दिसेल का?

गाडीचे तास आणि पायांचे तास यांची बेरीज केली तर ओढूनताणून बसेल. पण तुम्ही तळ्यावर नऊ-दहाच्या सुमारास पोहोचाल, तेव्हा पाणी हलत असेल. तुंगनाथच्या वाटेला दुपारी लागाल, तेव्हा शिखरं ढगात गेलेली असतील. मग आई-बाबांना थंडगार पावसात उतरवून अंधारात घाटरस्त्याने रुद्रप्रयाग गाठावं लागेल. दोन्ही ठिकाणी जाऊन आलात एवढंच होईल, बघितलं काहीच नसेल. मी बरीच वर्षं या भागात माणसं घेऊन जातो आहे, आणि माझं मत ठाम आहे: इथे कोणत्या महिन्यात गेलात यापेक्षा दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे उभे होतात याला जास्त महत्त्व आहे. म्हणून तीन रात्री द्या. ते शक्य नसेल तर दोनपैकी एकच जागा निवडा, पण ती नीट बघा.

आधी तळ्याबद्दल. देवरिया ताल साधारण २,४०० मीटरवर आहे. सारी गावातून वर जायला जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची वाट आहे, सुमारे चारशे मीटरचा चढ. बहुतेक वाट दगड बसवून बांधलेली आहे. चढ सलग आहे, पण भीतीदायक कुठेच नाही. सवयीची माणसं तासाभरात पोहोचतात, आई-बाबांसाठी दोन तास धरा. तळं लहान आहे, रमतगमत काठाने फेरी मारली तरी फार वेळ लागत नाही. महाभारतातल्या यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते सरोवर हेच, असं स्थानिक लोक मानतात. देव इथे स्नानाला उतरायचे, असंही सांगतात. चारही बाजूंनी बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं जंगल आहे आणि उत्तरेला झाडांच्या वर ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा, चार सुळक्यांची रुंद हिमभिंत.

प्रतिबिंब सकाळीच का दिसतं, हे समजून घेतलंत तर पहाटे उठायचा कंटाळा येणार नाही. रात्री उतारांवरची हवा गार होऊन जड होते आणि खाली दरीत उतरते. पहाटेपर्यंत ती स्थिरावते आणि तळ्यावरची हवा जवळजवळ थांबते. सूर्य वर आला की उतार तापू लागतात, दरीतली हवा वर चढायला लागते आणि पाण्यावर पहिली शिरशिरी उठते. तेवढी पुरेशी असते, चौखंबा पाण्यातून पुसला जातो. हीच चढती हवा खालचं बाष्प वर आणते, त्याचे ढग होतात आणि अकरा-बारापर्यंत शिखरांच्या कमरेला, मग माथ्याला लागतात. मे महिन्यात हे फार नियमाने घडतं. दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळी शिखरांवर ऊन पडलेलं असतं आणि तळं अजून झाडांच्या सावलीत असतं. अंधाऱ्या पाण्यात उजळ डोंगर ठळक उमटतो. तळ्यावरच ऊन आलं की पाणी चकाकतं आणि चित्र फिकं पडतं.

मे महिन्यात इथे साडेपाचच्या आतच उजाडतं, पण सूर्योदयाचाच क्षण गाठायला हवा असं नाही. सहा ते साडेसात हा माझ्या मते सगळ्यात चांगला वेळ, तेव्हा शिखरांवर पुरेसा उजेड असतो आणि वारा अजून उठलेला नसतो. उभं राहायचं ते तळ्याच्या दक्षिण काठावर, उत्तरेकडे तोंड करून. आणि खाली बसायचं. बरेच जण निरीक्षण मनोऱ्यावर चढतात आणि तिथून प्रतिबिंब का दिसत नाही म्हणून हिरमुसतात. मनोऱ्यावरून शिखरं छान दिसतात, पण पाण्यातल्या चित्रासाठी डोळा जितका खाली तितकं चांगलं. उंचावरून बघितलं की पाण्यात समोरच्या काठावरची झाडंच जास्त दिसतात, मागचा डोंगर त्यांच्या आड जातो. मोबाइल अगदी पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल. मुलीला आधी हे करून दाखवा, तिला मजा येईल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. तुमची तारीख मे महिन्यातली आहे आणि मे हा प्रतिबिंबासाठी खात्रीचा महिना नाही. एप्रिल ते जून गढवालच्या खालच्या जंगलांत, विशेषतः चीडच्या (पाइनच्या) वनांत, वणवे लागतात. त्यांचा धूर आणि मैदानातून आलेली धूळ मिळून दरीत धुरकट पडदा तयार होतो. आकाश निरभ्र असूनही चौखंबा पुसट दिसावा, असं मे महिन्यात होतं. आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस किंवा गारा पडल्या, तर दुसरी सकाळ धुऊन काढल्यासारखी स्वच्छ मिळते. म्हणून सारीला पोहोचल्यावर पाऊस लागला तर वैतागू नका, तो तुमच्याच उपयोगाचा आहे. तारखा बदलता येत असतील तर सप्टेंबरअखेर ते मध्य नोव्हेंबर हा काळ सर्वात चांगला. पावसाने हवा धुतलेली असते, दुपारचे ढग कमी असतात आणि गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं. दिवाळीच्या सुटीत जायचं असेल तर तुंगनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, हिवाळ्यासाठी बंद होण्याची तारीख आधी बघून घ्या. ती विजयादशमीला ठरते आणि साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पूर्वार्धात येते. जुलै-ऑगस्टमध्ये मी कुटुंबांना नेत नाही. दरडी, जळवा आणि दिवसचे दिवस धुकं.

आता तुमच्या बेताची मांडणी. केदारनाथ ३,५८० मीटरच्या आसपास आहे आणि तुंगनाथ ३,६८० मीटरवर, म्हणजे फरक शंभर मीटरचा. केदारनाथला मुक्काम करून आलात तर विरळ हवेची थोडी सवय शरीराला झालेली असेल, हा तुमच्या क्रमाचा खरा फायदा. तोटा गुडघ्यांचा. केदारनाथच्या लांबलचक उतारानंतर दुसऱ्याच दिवशी साठीपुढच्या माणसांना पुन्हा चढाला लावू नये. म्हणून गुप्तकाशीतून दुसऱ्या दिवशी निवांत निघा. समोरच्या डोंगरावर, मंदाकिनीच्या पलीकडे, उखीमठ दिसतं. तिथलं ओंकारेश्वर मंदिर म्हणजे केदारनाथ आणि मध्यमहेश्वर यांची हिवाळ्यातली गादी, बर्फाच्या महिन्यांत त्यांची पूजा इथे होते. केदारनाथहून येताना हे मंदिर बघितलं की यात्रेचा दुसरा अर्धा भाग समजतो. आई-बाबांना ते नक्की आवडेल. बाणासुराची कन्या उषा आणि श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचं लग्न इथे झालं, अशी श्रद्धा आहे. पैसे काढायचे, औषधं घ्यायची, गाडीत इंधन भरायचं, ही सगळी कामं उखीमठच्या परिसरातच उरका. पुढे चोपत्याला यातलं काही मिळेल असं धरून चालू नका.

उखीमठहून सारी जवळ आहे, दुपारी तीनपर्यंत पोहोचाल. पहिली रात्र सारीत, शक्यतो गावातल्या घरगुती होमस्टेमध्ये. चुलीवरची मंडुव्याची भाकरी, गहतची डाळ, कधी झंगोऱ्याची खीर मिळते. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, झंगोरा म्हणजे वरीच्या जवळचं धान्य. मुलीला जेवण परकं वाटणार नाही. मुक्कामाचे पैसे थेट गावात राहतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं. या गावातल्या लोकांनी वाट सांभाळली आहे आणि रात्रीबेरात्री कुणी अडकलं तर शोधायला तेच जातात.

पहाटे साडेचारला निघा. अंधारात निघायचं म्हणजे गावातला एक वाटाड्या सोबत हवाच, आणि प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च. या जंगलात बिबट्या आहे, हिमालयी काळं अस्वलही आहे. गप्पा मारत, एकत्र चालणाऱ्या गटाच्या वाटेला ती सहसा जात नाहीत, पण कुणीही पुढे पळायचं नाही की मागे रेंगाळायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलांना पुढे पळायची हौस असते, तेव्हा तिला वाटाड्याच्या मागेच ठेवा. वडिलांना चढ नको असेल तर सारीतून खेचर मिळतं, आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. वर वनखात्याची चौकी आहे आणि प्रवेश शुल्क भरावं लागतं. तंबू कुठे लावू देतात याचे नियम अधूनमधून बदलतात. थेट पाण्याच्या काठावर मुक्कामाची जाहिरात कुणी करत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. तळ्यात कपडे धुणं, साबण लावणं, बिस्किटं टाकून मासे गोळा करणं, यातलं काही करू नये. या तळ्यातून मोठा प्रवाह वाहत नाही, त्यामुळे आत गेलेली घाण पुढे वाहून जात नाही, तिथेच राहते.

तरुण मंडळी देवरिया तालहून जंगलातूनच चालत चोपत्याला जातात. रोहिणी बुग्याळवरून (बुग्याळ म्हणजे उंचावरचं कुरण) धारेने जाणारी ती पूर्ण दिवसाची चाल आहे आणि फार सुंदर आहे. तुमच्या गटासाठी ती नाही. वाटेत पाणी कमी, मधेच कुणी थकलं तर गाडीरस्त्यापर्यंत आणणं अवघड. तुम्ही दहापर्यंत सारीला उतरा, अंघोळ-जेवण करा आणि गाडीने चोपत्याला जा. तास-दीड तासाचा रस्ता आहे.

चोपता साधारण २,७०० मीटरवर आहे. अलीकडे दुगलबिट्टा आणि बनियाकुंड लागतात, तिथेही राहायची सोय आहे. मी चोपत्यापेक्षा त्यांना पसंती देतो, कारण गर्दी कमी आणि रात्री शांतता. इथे मोठ्या हॉटेलसारख्या अपेक्षा ठेवू नका. वीज बरीचशी सौर दिव्यांवर, गरम पाणी बादलीने, मोबाइलला कधी रेंज असते, कधी नसते. आई-बाबांसाठी तंबू टाळा आणि पक्की खोली घ्या. मे महिन्यातही रात्री तापमान शून्याच्या दिशेने जातं, आणि कापडाखाली गारठलेलं माणूस दुसऱ्या दिवशी चढू शकत नाही.

संध्याकाळी मोकळे असाल तेव्हा रस्त्याच्या कडेने अर्धा-पाऊण तास चाला. हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. १९७२ साली ते मुख्यतः कस्तुरी मृगासाठी राखलं गेलं. कस्तुरी मृग उत्तराखंडचा राज्यप्राणी, मोनाल राज्यपक्षी आणि बुरांश राज्यवृक्ष, आणि हे तिन्ही याच डोंगरावर आहेत. कस्तुरी मृग दिसणं दुर्मिळ आहे, मोनाल मात्र पहाटे तुंगनाथच्या वाटेवर, गवत आणि झाडी जिथे भेटतात तिथे, चरताना दिसतो. नराच्या पाठीवर निळा, हिरवा, तांबूस असे रंग उन्हात बदलत जातात. बुरांशचा लाल बहर खालच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये येऊन जातो. मे महिन्यात तुम्हाला वर, झाडांच्या शेवटच्या पट्ट्यात, त्याचीच फिकट गुलाबी-जांभळट फुलांची जात भेटेल. उंचीबरोबर बहर मागे मागे सरकतो, म्हणून मे महिन्यात गेलेल्यांनाही बुरांश चुकत नाही.

तुंगनाथसाठी पहाटे साडेपाचला चढायला लागा. चोपत्याच्या कमानीपासून मंदिर साडेतीन-चार किलोमीटरवर आहे. सगळी वाट दगडी फरशीची आहे आणि जवळजवळ एक हजार मीटर चढायचे आहेत. वाट वळणावळणाने जाते, त्यामुळे छातीवर चढ येत नाही, पण तो संपतही नाही. आई-बाबांना तीन-साडेतीन तास लागू द्या. इथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश मिळतो, म्हणून वेगाचा हट्ट धरायचा नाही. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. बोलणं तुटायला लागलं की थांबून दोन घोट पाणी प्या. खेचर चोपत्यालाच मिळतं. आईला चढताना खेचर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण उतरताना त्यावर बसवू नका. ओल्या फरशीवर उतरताना स्वार पुढे झुकतो आणि पडण्याचा धोका वाढतो. उतरायला दोन काठ्या वापरल्या तर गुडघे वाचतात.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, उगाच चिडचिड ही विरळ हवेची पहिली लक्षणं. यातलं काही दिसलं तर अजून वर जायचं नाही. विश्रांतीने बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर क्षणभरही थांबू नका, लगेच खाली न्या. हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा दमा असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि उंचीवरची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. लहान मुलं त्रास नीट सांगत नाहीत. नेहमी बडबडणारी मुलगी गप्प झाली तर ते लक्षण समजा.

तुंगनाथ हे पंचकेदारांपैकी, म्हणजे गढवालमधल्या शंकराच्या पाच मंदिरांपैकी, तिसरं स्थान, शंकराचे बाहू इथे प्रकटले अशी श्रद्धा आहे. जगातल्या सर्वांत उंचावरच्या शिवमंदिरांत त्याची गणना होते. हिवाळ्यात इथली उत्सवमूर्ती डोलीतून खाली मक्कूमठला नेतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर आणतात. मंदिर छोटं आहे, दगडी आणि मायेचं. केदारनाथच्या रांगांमधून आल्यावर इथे पाच मिनिटं निवांत बसता येतं, हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. आई-बाबांचा दिवस इथे पूर्ण झाला असं धरा. ते मंदिराजवळ चहा घेत उन्हात बसतील, आणि तुम्ही मुलीला घेऊन चंद्रशिलेला जाऊ शकाल. मात्र वडीलधाऱ्यांपाशी तुमच्यापैकी एक जण थांबलाच पाहिजे.

चंद्रशिला सुमारे ४,००० मीटर. मंदिरापासून दीड किलोमीटरची पायवाट आहे, फरशी नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला वाटेत कडक बर्फाचे पट्टे असू शकतात. बर्फ बुटाच्या टाचेने दाबून खळगा पडत नसेल तर मुलीला घेऊन पुढे जाऊ नका, तिथून परत फिरा. वर पोहोचलात तर एकाच जागी फिरून केदारनाथ, चौखंबा आणि लांब पूर्वेला त्रिशूळ, नंदादेवी ही रांग बघता येते. बरेच जण इथे सूर्योदय गाठायला रात्री तीनला निघतात. तरुणांसाठी ते ठीक आहे. आजी-आजोबा आणि मूल सोबत असताना ते मी सुचवणार नाही, कारण अंधार, गारठा आणि घसरण या तीन गोष्टी एकदम अंगावर घ्याव्या लागतात, आणि नऊ वाजताही आकाश तितकंच स्वच्छ मिळतं. मात्र अकराला माथा सोडायचा, कितीही छान वाटत असलं तरी. मे महिन्यात दुपारी गडगडाट होतो, गारा पडतात, आणि या उघड्या माथ्यावर विजेपासून लपायला जागा नाही. गडगडाट ऐकू आला तर लगेच उतरा, झेंड्याच्या खांबाजवळ किंवा एकट्या दगडाच्या आडोशाला थांबू नका.

आता बुग्याळबद्दल, कारण इथलं गवत बघून प्रत्येकाला त्यावर लोळावंसं वाटतं. झाडांची हद्द संपते त्याच्या वर, साधारण ३,३०० मीटरपासून, ही कुरणं सुरू होतात. वर्षातले चार-पाच महिने ती बर्फाखाली असतात, वाढायला मे ते सप्टेंबर एवढाच वेळ. त्या अवधीत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठवायची. खाली मातीचा थर पातळ असतो आणि तो या मुळांनी धरून ठेवलेला असतो. ही जुनी गोधडी आहे, एक टाका उसवला की शेजारचे आपोआप सुटत जातात. तुंगनाथच्या वळणांवर लोक वाट सोडून सरळ चढतात, आणि त्या सरळ रेषेत गवत मरतं. पावसाचं पाणी तिथूनच वाहायला लागतं, घळ पडते आणि एक-दोन पावसाळ्यांत कडेचा मातीचा तुकडाच खाली येतो. या डोंगरावर अशा जखमा तुम्हाला स्वतःला दिसतील.

त्या भरून काढणं किती कष्टाचं असतं ते उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्याळमध्ये दिसलं. तिथे वनखात्याला घळी बुजवायला काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि पिरूळ, म्हणजे चीडची वाळलेली पानं, वापरावी लागली. चमोलीतल्या आली-बेदनी-बागजी बुग्याळांच्या नुकसानीचा प्रश्न न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि रोज दोनशेहून जास्त पर्यटक जाऊ देऊ नयेत असं सांगितलं. काही सहल कंपन्यांना हा निर्णय जाचक वाटला, मला तो योग्य वाटतो. तंबूखालचं गवत चार दिवसांत पिवळं पडतं आणि पुन्हा धरायला कित्येक उन्हाळे लागतात, हे आम्ही या डोंगरांत बघितलं आहे.

याच मातीत कुटकी, अतीस, जटामांसी अशा औषधी वनस्पती आहेत, बेसुमार खणून ज्या दुर्मिळ झाल्या. गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राचं ठाणं तुंगनाथलाच आहे, तिथे अशा वनस्पतींवर काम चालतं. वाटेत कुणी मुळं विकायला आणली तर घेऊ नका. मुलीला फुलं वहीत दाबायची असतील तर आधीच सांगून ठेवा की इथे फक्त बघायचं आणि चित्र काढायचं. बसायला दगड किंवा वाटेची कड वापरा. खाऊची वेष्टनं, बाटल्या, ओले रुमाल सगळं परत खाली, आणि खाली म्हणजे चोपत्याला नाही, रुद्रप्रयाग किंवा गोपेश्वरपर्यंत गाडीतच. मेंढपाळांचे कळप दिसले तर कुत्र्यांपासून अंतर ठेवा. ते राखणीचे असतात, लाडाचे नाहीत.

कपड्यांचं थोडक्यात. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर, वर वारा-पाऊस अडवणारा. कानटोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही, काळा चष्मा, तळ चांगला धरणारे आणि आधी महिनाभर वापरलेले बूट. मे महिन्यात दुपारच्या गारांसाठी पोंचो सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

परतताना आल्या वाटेने जाऊ नका. मे महिन्यात मंदाकिनीच्या खोऱ्यात, कुंड ते रुद्रप्रयाग, यात्रेच्या गाड्यांची कोंडी होते. चोपत्याहून पूर्वेला मंडलमार्गे गोपेश्वरला उतरणारा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, घनदाट जंगलातून जाणारा आणि माझ्या मते गढवालमधल्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी एक. वाटेत कांचुला खर्क लागतं, तिथे कस्तुरी मृग प्रजनन केंद्र उभारलं होतं. तुंगनाथहून दोनपर्यंत उतरलात, जेवलात आणि तीनला निघालात तर उजेडी गोपेश्वरला पोहोचाल. तिथे जुनं गोपीनाथ मंदिर आहे आणि अंगणात मोठा त्रिशूळ. तिसरी रात्र तिथे काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमोली, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग करत ऋषिकेश. हा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. संध्याकाळी हरिद्वारची गाडी पकडायची असेल तर तेवढ्या भरवशावर आरक्षण करू नका. दरड कोसळून रस्ता काही तास बंद राहणं इथे नेहमीचं आहे, म्हणून मधे एक मोकळी रात्र ठेवा. चालकाला आधीच सांगा की अंधार पडल्यावर डोंगरात गाडी चालवायची नाही. आणि पाऊस लागून गेला असेल तर मंडलचा रस्ता खुला आहे का, हे चोपता सोडण्याआधी समोरून आलेल्या चालकांना विचारून घ्या.